ठिपके

साडेसात पाउंड. चिठ्ठीवर ग्लेनिसचं वळणदार अक्षर:
'समुद्र, फ्रेमसकट.'
जणू समुद्र सुटाही मिळतो.

नाइट ड्यूटी संपवून मी फ्रीमन स्ट्रीटवरच्या
हॉस्पिसच्या दुकानात शिरते, ती खरं तर उबेसाठी.
ग्रिम्झबीचा वारा असा, की छत्रीचीही बोलती बंद.
आत मेलेल्यांचे टी-सेट, कुणाचे तरी गोल्फचे बूट,
आणि कपाटाला टेकून, पाठ फिरवून बसलेलं
हे चित्र.

"ओरिजिनल असेल का गं?" ग्लेनिसनं विचारलं.
कोपऱ्यात सही होती. रंगाला उंचवटे होते,
हात फिरवला की ब्रशचे फराटे लागत होते.
पण लाटा जात होत्या आडव्या
आणि फराटे उभे.
वरून नुसतं वार्निश चोपडलेलं,
पाण्याशी त्याची ओळखसुद्धा नव्हती.

पर्समधून भिंग काढलं. बाबांचं,
मिरजेच्या प्रेसमधलं, पितळी, कडेला शाईनं काळं पडलेलं.
तीस वर्षं त्यातून त्यांनी फक्त ठिपके पाहिले:
निळा, गुलाबी, पिवळा, काळा.
किराणा दुकानांची कॅलेंडरं छापायचे.
एखादा रंग केसभर हलला
की लक्ष्मीला दोन ओठ यायचे
आणि अख्खा गठ्ठा रद्दीत.
आमच्या वह्यांना कव्हरं त्याचीच.
भूगोलाच्या वहीवरची लक्ष्मी मला कायम
काहीतरी सांगता सांगता थांबलेली वाटायची.

भिंग काचेला टेकेना, म्हणून ग्लेनिसनं
लोणी लावायच्या सुरीनं मागचे खिळे वाकवले, काच काढली.
डोळा लावला. श्वास धरला.
समुद्र नव्हताच तिथे.
ठिपक्यांची रांगोळी, शिस्तीत, क्षितिजापर्यंत.
सहीसुद्धा ठिपक्यांचीच.
"छापील," मी म्हटलं,
नाडी लागत नाही हे सांगताना लागतो
त्या आवाजात.
"मग पाच दे," ग्लेनिस म्हणाली.

ठेवूनच देणार होते.
भिंग सवयीनं डावीकडे सरकलं, धक्क्याच्या भिंतीपलीकडे,
आणि ठिपके थांबले.

एक होडी. भाताच्या शिताएवढी.
रंगाची, खऱ्या रंगाची, कागदावरून उठून आलेली.
नाळ जरा जाड. डोलकाठी दोनदा काढलेली,
पहिली वाकडी गेली म्हणून.
बाकीच्या छापील होड्या धक्क्याला बांधलेल्या,
ही एकटी बाहेरून येतेय,
बंदराकडे तोंड करून, जराशी कललेली.
पाण्यात तिची सावली काढायची राहून गेलीय.

मागे तपकिरी कागद, फ्रेमवाल्याचा पाच आकडी फोन,
गंजलेल्या चुका
आणि पेन्सिलीनं तारीख, फेब्रुवारीतली. साल नाही.

ग्लेनिसनं भिंग मागून घेतलं. खूप वेळ पाहिलं.
तिचे वडील ट्रॉलरवर होते, एवढं मला माहीत होतं.
पुढचं तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
काच परत बसवताना तिच्या हातून दोनदा सुरी घसरली.
"साडेसातच," ती म्हणाली मग.
मी दहाची नोट दिली. तिनं सुट्टे मोजून परत दिले.

आता चित्र फ्यूज बॉक्सच्या वर आहे.
वरच्या मजल्यावरचा डेरिक येता-जाता सांगतो,
"प्रिंट आहे हं ते."
हो, म्हणते मी.

बाबांना फोटो पाठवला होता.
तासाभरात उत्तर आलं:
'डावीकडे काळा हललाय. गठ्ठा थांबवायला हवा होता.'
मी काही लिहिलं नाही. गादीवर पडले, डोळा लागेना.
मग मिरजेत रात्रीचे दोन वाजले असतील तेव्हा
फोन पुन्हा उजळला:
'छपाईची चूक नाही ती.
कुणाची आहे ही होडी?'